शमीला घ्या, पण शेवटचं षटक देऊ नका




लखनौ सुपर जायंट्सने मोहम्मद शमीला हैदराबादकडून १० कोटींना घेतल्यापासून आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, चहाच्या टपरीपासून मराठी घरांच्या ओसरीपर्यंत, एकच सूर ऐकू येतो. पस्तिशीतला आणि टाचेचं ऑपरेशन झालेला गोलंदाज घेऊन करायचं काय? मला हा सूर पटत नाही. ज्या भावाने सौदा झाला तो भावही पटत नाही, पण तो वेगळा मुद्दा.

आधी ऑपरेशनचं बघू. २०२४ च्या फेब्रुवारीत तीन दिवसांच्या अंतराने भारताच्या दोन वेगवान गोलंदाजांवर शस्त्रक्रिया झाल्या. २३ तारखेला प्रसिद्ध कृष्णाच्या डाव्या मांडीवर आणि २६ तारखेला शमीच्या उजव्या टाचेवर. दोघंही उजव्या हाताने टाकतात, म्हणजे शमीचा दुखावलेला पाय मागचा आणि प्रसिद्धचा पुढचा. चेंडू सोडताना अंगाचा सगळा भार आदळतो तो पुढच्या पायावर. कुठला पाय आधी दगा देईल, हे आमच्या गावातल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. तरी गुजरात टायटन्सने लिलावात शमीला जाऊ दिलं आणि प्रसिद्धवर साडेनऊ कोटी लावले. त्याने २०२५ मध्ये २५ बळी घेऊन पर्पल कॅप पटकावली. गुजरातचा हिशेब चुकला नाही, हे मान्य. पण मग टाक्यांना दोष कशाला देता? वय नडलं म्हणायचं असेल तर सरळ तसं म्हणा. (त्या संघाचे प्रशिक्षक आशिष नेहरा! ऑपरेशनांमागून ऑपरेशनं सोसून हा गृहस्थ अडतिसाव्या वर्षी भारताकडून खेळून निवृत्त झाला.)

आणि वयाचा मुद्दा निदान आम्ही मध्य प्रदेशवाल्यांनी तरी काढू नये. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर रणजी सामन्यात शमी जवळपास वर्षभराने मैदानात उतरला, तो आपल्याच पोरांविरुद्ध. पहिल्या डावात १९ षटकांत ५४ धावा देऊन ४ बळी, दुसऱ्या डावात आणखी ३, आणि मधल्या वेळात फलंदाजीला येऊन ३७ धावा. बंगालने सामना जिंकला ११ धावांनी. म्हणजे त्या सदतीस धावा नसत्या तर निकाल आपला होता. एका सामन्यात चाळीसहून अधिक षटकं टाकणाऱ्या माणसाची टाच कच्ची आहे, हे मी कसं मानू? पुढे चॅम्पियन्स करंडकात त्याने ९ बळी घेतले, आणि २०२५-२६ च्या रणजीत पहिल्या दोन सामन्यांत १५.

तरीही २०२५ च्या आयपीएलमध्ये त्याला ९ सामन्यांत ६ च बळी मिळाले, हे झाकून चालणार नाही. पंजाबविरुद्ध ४ षटकांत ७५ धावा गेल्या. विसाव्या षटकात स्टॉयनिसने शेवटच्या चारही चेंडूंवर षटकार मारले. ते षटक ज्यांनी पाहिलं त्यांनी शमीला निकालात काढलं. मी कर्णधाराला धरतो. शमीचं सगळं भांडवल सरळ उभ्या शिवणीत आणि टप्प्यात आहे. चेंडू कोरा असेल तर तो दोन्हीकडे बोलतो. २०२३ ला त्याने २८ बळी घेतले, त्यातले निम्म्याहून अधिक पॉवरप्लेमधले. हैदराबादच्या पाटा खेळपट्टीवर नवा चेंडूही फारसा कामी आला नाही, हे खरं. पण विसाव्या षटकात, चेंडू जुना आणि फलंदाज बेभान असताना, त्याला उभं करणं हा शुद्ध अडाणीपणा.

तरुणांवर पैसे लावा म्हणणाऱ्यांना ६ ऑक्टोबर २०२४ ची आठवण करून देतो. शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर बांगलादेशविरुद्ध मयंक यादवने आंतरराष्ट्रीय कारकिर्दीतलं पहिलंच षटक निर्धाव टाकलं आणि अख्खं ग्वाल्हेर उठून उभं राहिलं. मीही ओरडलो. लखनौने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. पुढच्या हंगामात तो दोन सामने खेळला, मग पाठीचं ऑपरेशन. पोरगा गुणी आहे, त्याला थांबून बघावं असंच माझं मत. पण विशी-बाविशीचं वय म्हणजे विमा नव्हे.

राहिला भाव. बेसबॉलमध्ये शेवटच्या डावात येऊन सामना बंद करणारा मारियानो रिव्हेरा २०१२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, गुडघा फाटून घरी बसला. न्यूयॉर्क यांकीजने त्याला परत घेतलं, पण एकाच वर्षासाठी आणि दीड कोटी डॉलरऐवजी एक कोटीत. त्याने पुढच्या हंगामात ४४ सामने राखले. भरवसा ठेवला आणि भावही पाडला, याला व्यवहार म्हणतात. लखनौने मात्र ट्रेडमध्ये हैदराबादचाच जुना भाव जसाच्या तसा गळ्यात घालून घेतला. हैदराबाद सोडायला तयार होतं, तर डिसेंबरच्या लिलावापर्यंत थांबायला काय हरकत होती? दुसऱ्या कुणी नेला असता म्हणाल, तर सहा बळींच्या हंगामानंतर दहा कोटींची बोली लावणारा दुसरा संघ मला दाखवा.

असो, पैसे त्यांचे. आता घेतलाच आहे तर पहिल्या सहा षटकांतली तीन त्याला द्या, स्लिप काढू नका, आणि चौथं षटक उरलं तर उरू द्या.

आपला,
एक वाचक
लश्कर, ग्वाल्हेर