तिसरा चढाईपटू पाहा

प्रो कबड्डीच्या पुढच्या हंगामात कोणाची चढाई गाजेल, याचा अंदाज बांधताना भोर-वेल्ह्यातले जाणकारसुद्धा आधी मोठ्या चढाईपटूंचे गुण मोजतात. मला ही पद्धत चुकीची वाटते. चढाईपटू बाद झाला की आपल्या संघाने समोरचा गडी बाद करेपर्यंत तो बाहेरच बसतो. त्या वेळात गुण आणणारा दुसरा-तिसरा गडी आणि पकडी करणारा बचाव नसेल, तर पहिल्याचा पराक्रम बाकावरच राहतो. 2019 मध्ये पवन सेहरावतने चढाईत 346 गुण मिळवले, तरी बंगळुरू उपांत्य फेरीत हरले. त्याच हंगामात बंगालचा कर्णधार मणिंदर सिंग मात्र जखमी होऊन बाहेर असताना त्याच्या संघाने विजेतेपद पटकावले. आधीच्या हंगामात याच पवनने अंतिम सामन्यात एकट्याने 22 गुण आणून बंगळुरूला जिंकून दिले होते, हा आक्षेप रास्त आहे. पण एका रात्रीची कमाल हंगामभर पुरत नाही. पुणेरी पलटणचेच पाहा. 2024 च्या मार्चमध्ये अंतिम सामन्यात हरियाणाला 28-25 असे हरवताना अस्लम इनामदारसोबत पंकज मोहितेच्या चढाया निर्णायक ठरल्या. पुढच्या हंगामात अस्लमला दुखापत झाली आणि संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. म्हणून लिलावानंतर सर्वांत महागड्या नावाकडे पाहू नका. ज्याचा तिसरा चढाईपटू ‘करो या मरो’च्या, म्हणजे दोन रिकाम्या चढायांनंतरच्या, चढाईत भरवशाचा, त्याच संघावर माझी पसंती.