चहापाण्याच्या गोष्टी

‘बड्या घरच्या बायकांच्या रोजनिश्या, पत्रं म्हणजे चहापाण्याच्या गोष्टी. त्यात राजकारण कुठलं?’ हा आक्षेप मी परवा वालीव नाक्यावर ऐकला, तोही बोलणाऱ्याच्या हातात कटिंग असताना. गृहस्थ जुने युनियनवाले, इतिहासाचे दांडगे वाचक. त्यांना उत्तर देणं भाग आहे.

चहाचंच घेऊ. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यावरचे अग्रलेख हवे तेवढे मिळतील. पण न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त का घेतलं, याची घरातली बाजू त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त (१९१०) वाचावी लागते. एका मित्राची घरच्यांपुढे झालेली कोंडी सुटावी म्हणून ते तयार झाले आणि रमाबाईंना ते मुळीच रुचलं नाही. सुधारकांचा पुढारी मैत्रीखातर माघार घेतो, त्याची बायको मनातून खट्टू होते, तरी नवऱ्याला जाब विचारत नाही. याला राजकारण म्हणायचं नाही, तर कशाला? केसरीच्या वा सुधारकाच्या रकान्यात हे येणं शक्यच नव्हतं.

तिकडे लंडनमध्ये महायुद्ध पेटलेलं असताना पंतप्रधान ॲस्क्विथ व्हेनिशिया स्टॅन्ली या तरुणीला मंत्रिमंडळातल्या गोष्टी पत्रांतून कळवत होते. त्यांची बायको मार्गो घरात रोजनिशी लिहीत होती. ती पत्रं १९८२ साली आणि ती युद्धकाळची रोजनिशी २०१४ साली छापून आली. इतिहासकारांनी दोन्ही उचलून धरली. पुढे १९१५ मध्ये व्हेनिशियाने एडविन माँटेग्यूशी लग्न केलं. दोन वर्षांनी तोच भारतमंत्री झाला. त्याची भारतदौऱ्याची रोजनिशी १९३० मध्ये तिनेच संपादित केली. टिळकांच्या भेटीची नोंद त्या रोजनिशीत आहे. म्हणजे आपल्या राजकारणाचाही एक धागा या बाईच्या टेबलावरून गेलेला आहे.

गृहस्थांचा दुसरा मुद्दा वजनदार होता: वालीवच्या गाळ्यात पॅकिंगला बसणाऱ्या बाईची रोजनिशी कुठे आहे? नाही, हे खरं. मोठ्या घरच्या लिखाणात मोलकरीण बहुधा बिननावाचीच येते, हेही खरं. पण तिची नाही म्हणून हिची फेकून द्या, हा कुठला न्याय? आणि हिलाही लिहिणं-बोलणं फुकट मिळालेलं नव्हतं. गव्हर्नरांपुढे मुलींच्या हायस्कुलासाठी इंग्रजीतून निवेदन वाचून रमाबाई घरी आल्या, तेव्हा वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना टोमणे मारमारून हैराण केलं. विरोधकांच्या सभेपेक्षा हा विरोध कडवा, कारण संध्याकाळी जेवायला बसायचं ते त्यांच्याच पंक्तीत.

माझी तक्रार वेगळीच आहे. व्हेनिशियाने ॲस्क्विथना लिहिलेली पत्रं जवळपास उरलेलीच नाहीत. ती आपल्याला दिसते, ती त्यांच्या लेखणीतून. रमाबाईंच्या हाती स्वतःची लेखणी होती, पण १९०१ साली न्यायमूर्ती गेले आणि आठवणी तिथेच थांबल्या. पुण्याचं सेवासदन, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाची चळवळ, बायकांच्या मताधिकाराची मागणी हे सगळं त्यानंतरचं. माँटेग्यूच्या सुधारणांनी बायकांच्या मताचा प्रश्न प्रांतांवर सोडला आणि मुंबई इलाख्याने तो हक्क १९२१ मध्ये दिला. त्या दिवसांत रमाबाईंनी कुणाला कसं वळवलं, कुणाचा राग गिळला, हे त्या पुस्तकात नाही आणि संस्थेच्या इतिवृत्तांतून ते कळायचं नाही.