जिथं पर्यटक, तिथंच अनाथ?

आपल्या तालुक्यातली चार पोरं नेपाळला दहा दिवस स्वयंसेवा करून आली. काठमांडूच्या बालगृहातली लेकरं कडेवर घेतलेले फोटो, खाली 'आयुष्य बदललं!' कुणाचं? तुमचं, की त्या लेकरांचं?

मंडळी, नेपाळात ७७ जिल्हे. पण बालगृहांची गर्दी कुठं? काठमांडू खोरं, पोखरा, चितवन. त्यातल्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप जिवंत आहे. शाळेचं आमिष दाखवून दलाल खेड्यातनं पोरं आणतात अन् देणगीदारांपुढं उभी करतात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या प्रकाराला आधुनिक गुलामगिरी मानलं. आपण मात्र लाईक ठोकतोय.

चूक माझीही. या पोरांचे 'पहिले अनुभव' मीच छापले, मुलांच्या चेहऱ्यांसकट. उद्या ऊसतोडीच्या फडावर कुणी परदेशी पाहुणा आला, आई-बाप कोयता चालवत असताना त्यांचं लेकरू उचललं, फोटो काढला अन् 'अनाथ' लिहून टाकला, तर चालेल आपल्याला?

पोरांनो, तुमच्या मनात खोट नाही. म्हणूनच सांगतो, पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी एकच विचारा: 'या मुलाचे आईबाप कुठं आहेत?' उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तिकीट काढू नका. आणि ते फोटो आजच काढून टाका. मी माझी बातमी काढतोय.