पेटंटच्या कागदात उद्याचा संगणक



पपईचे पैसे हातात आले की आमच्या प्रकाशा भागात घरोघरी खरेदीच्या गोष्टी सुरू होतात. यंदा एका मुलाच्या वडिलांनी मला बाजाराच्या दिवशी रस्त्यातच थांबवलं. म्हणाले, "सर, पोराला अभ्यासाला टॅब घ्यायचं ठरवलंय, पण तोच नको म्हणतो. पेपरात आलंय म्हणे, गुंडाळी करून खिशात घालायचा टॅब येणार. कंपनीनं पेटंटसुद्धा घेतलंय. मग थांबू का एक वर्ष?"

मुलाची शिष्यवृत्तीची परीक्षा याच वर्षी आहे. म्हणजे थांबायचं की नाही, हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी पेटंट हा काय प्रकार आहे, ते बघायला हवं.

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. नवी युक्ती शोधणाऱ्यानं ती सगळी कागदावर लिहून द्यायची, चित्रांसकट. काही लपवायचं नाही. बदल्यात सरकार म्हणतं, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं ही युक्ती तुझ्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी वापरायची नाही. आपल्या देशात अशा हक्कासाठी पहिला अर्ज आला १८५६ साली, कोलकात्याहून. जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या गृहस्थांचा. यंत्र कसलं, तर पंखा ओढायचं! त्या काळी साहेबांच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीनं ओढायला माणूस बसवत. तेच काम यंत्रानं करायचं होतं.

आता गंमत बघा. कंपन्यांना आपली गुपितं जपायची असतात, पण हक्क हवा असेल तर तीच गुपितं लिहून द्यावी लागतात. आणि अर्ज साधारण अठरा महिन्यांनी सगळ्यांना वाचायला खुला होतो. भारतातल्या अर्जांचं सरकारी नियतकालिक दर शुक्रवारी निघतं, तेही फुकट. बातमीदार असले कागद चाळतात आणि मग पेपरात मथळा येतो, 'अमुक कंपनीचा नवा जादूई संगणक'. तो 'नवा' विचार दीड वर्ष जुना असतो, हे मथळ्यात कुणी लिहीत नाही.

शिवाय हे कागद वाचायला भारी कंटाळवाणे. एक उदाहरण देतो. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांनी १९६७ साली एका यंत्रासाठी अर्ज केला. नाव काय, तर 'पडद्यावरील क्ष-य स्थानदर्शक'. लाकडाची छोटी पेटी, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि मागे वायर. काय असेल ओळखा पाहू? आपला माऊस! १९७० साली पेटंट मिळालं. पण सामान्य माणसाच्या टेबलावर माऊस दिसू लागला तो १९८४ साली मॅकिंटॉश संगणक आला तेव्हापासून. म्हणजे अर्जानंतर सतरा वर्षांनी. कागद वाचून कुणी "पुढच्या वर्षी येणार" असं म्हटलं असतं, तर सतरा वर्षं वाट बघत बसला असता.

आता आपल्या शहादा तालुक्यातलीच गोष्ट घ्या. टेंभली गाव तुम्हाला माहीत आहेच. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार तिथं दिलं गेलं. तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग स्वतः आले होते. आधारसाठी दहा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि दुर्बिणीसारख्या यंत्रात बघायला लावून दोन्ही बुबुळांचं चित्रही घेतात. तुमच्यापैकी अनेकांनी ते केलेलं असेल. बुबुळं कशाला, असं वाटेल. तर ऊसतोड, माती, विटा यांची कामं करून हाताच्या रेषा झिजतात. रेशन दुकानात आजीचा अंगठा चार-चार वेळा लावूनही उठत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. बुबुळावरची नक्षी अशी झिजत नाही.

या बुबुळाच्या यंत्राचा कागद कधीचा असेल? १९८५ सालचा! लिओनार्ड फ्लॉम आणि अरान सफीर हे अमेरिकेतले दोन डोळ्यांचे डॉक्टर. प्रत्येक माणसाच्या बुबुळाची नक्षी वेगळी असते, हे त्यांनी रोगी तपासताना पाहिलं होतं. त्यांनी अर्जात लिहिलं : डोळ्यावर प्रकाश टाकायचा, बुबुळाचं चित्र घ्यायचं आणि आधी साठवलेल्या चित्राशी ताडून माणूस ओळखायचा. १९८७ साली पेटंट मिळालं. पण दोन चित्रं संगणकानं भराभर आणि बिनचूक ताडायची कशी, याची रीत त्यांच्यापाशी नव्हती. म्हणून ते जॉन डॉगमन या शास्त्रज्ञांकडे गेले. डॉगमन यांनी गणित मांडलं. बुबुळाच्या नक्षीचे ० आणि १ असे २०४८ आकडे करायचे आणि आकड्यांशी आकडे जुळवायचे. त्याचं पेटंट झालं १९९४ साली. डॉक्टरांच्या मूळ पेटंटची मुदत २००५ साली संपली आणि इतर कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. मग टेंभली, २०१०. पहिल्या अर्जापासून पंचवीस वर्षं!

या दोन कागदांतला फरक नीट लक्षात घ्या. १९८७ चा कागद म्हणजे 'असं करता येईल' आणि १९९४ चा म्हणजे 'हे असं करायचं'. पहिल्यात पुरणपोळीचं वर्णन आहे, दुसऱ्यात कृती. पेपरातला मथळा बहुधा पहिल्या जातीच्या कागदावर निघतो, कारण त्याचं चित्र छान असतं. मी स्वतः असा कागद हाती आला की चित्र सोडून शेवटची पानं बघतो. तिथं 'दावे' लिहिलेले असतात. नेमकं काय शोधलं आणि हक्क कशावर हवा, ते तिथं कळतं. एकाच वस्तूच्या बिजागरीवर, बॅटरीवर, धूळ आत जाऊ नये म्हणून केलेल्या फटीवर असे बारीकसारीक पाच-पंचवीस अर्ज दिसले, तर समजावं की कुणीतरी खरंच कामाला लागलंय. एकच सुंदर चित्र असेल तर घाई नको.

मग कंपन्या न बनवायच्या वस्तूंची पेटंटं घेतात तरी कशाला? शेतकरी पडीक तुकड्यालासुद्धा कुंपण घालतो ना, तसंच. आज पेरायचं नसलं तरी शेजाऱ्यानं नांगर घालू नये. २०१६ साली सॅमसंग कंपनीचा असाच एक अर्ज उजेडात आला. डोळ्यात घालायच्या काचेतच कॅमेरा, पापणी मिटली की फोटो! पेपरांनी तेव्हा केवढा गाजावाजा केला. दुकानात मात्र तशी काच आलेली नाही.

आणि गुंडाळीचं म्हणाल तर ऐका. जानेवारी २०२१ मध्ये एलजी कंपनीनं पडदा आतून सरकत बाहेर येणारा फोन जगाला दाखवला. नुसता कागद नव्हे, चालतं चित्र! एप्रिल २०२१ मध्ये त्याच कंपनीनं मोबाईलचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तो फोन विक्रीला आलाच नाही. म्हणून त्या वडिलांना मी सांगितलं, "थांबू नका. आज दुकानात आहे आणि खिशाला परवडतं ते बघा. पोराची परीक्षा काही थांबणार नाही." पालकहो, तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे.

पेटंटपेक्षा जवळची खूण म्हणजे ट्रेडमार्क, म्हणजे वस्तूच्या नावाची नोंदणी. पेटंट बियाण्यासारखं असेल, तर ट्रेडमार्क म्हणजे दुकानावरची पाटी. पाटी रंगवायला टाकली की दुकान उघडायची वेळ जवळ आली असं आपण समजतो. कंपन्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून त्या लपंडाव खेळतात. ॲपलनं 'आयपॅड' हे नाव स्वतःच्या नावानं न नोंदवता एका अनोळखी कंपनीच्या नावानं नोंदवायला दिलं होतं. दुसरी युक्ती जमैकाची. हा वेस्ट इंडिजमधला देश. तिथली नोंदवही घरबसल्या चाळता येत नसे, म्हणून पहिला अर्ज तिथं करायचा. पुढच्या सहा महिन्यांत इतर देशांत अर्ज केला, तर तिथंही जमैकाचीच तारीख धरतात. तोवर कुणाला पत्ता नाही!

एवढं करूनही अंदाज चुकतात. डिसेंबर २०१२ मध्ये ॲपलनं जमैकात 'आयवॉच' नावासाठी अर्ज केला. बातमी फुटली आणि सगळ्यांनी घड्याळाचं बारसंच करून टाकलं. सप्टेंबर २०१४ मध्ये घड्याळ जाहीर झालं खरं, पण नाव निघालं 'ॲपल वॉच'. वस्तू बरोबर, नाव चूक.

आता तुमच्यासाठी एक काम. घरी किंवा शाळेत इंटरनेट असेल तर मोठ्यांच्या मदतीनं गूगल पेटंट्सवर अमेरिकेचं पेटंट क्रमांक ३५४१५४१ शोधा. हाच तो माऊसचा कागद. त्यात प्रत्येक भागाला आकडा दिलेला आहे. मग आपल्या वहीत घरातल्या एखाद्या साध्या वस्तूचं, अडकित्त्याचं किंवा सायकलच्या घंटीचं, तसंच चित्र काढा. भागांना आकडे द्या आणि ती वस्तू कधीच न पाहिलेल्या माणसाला कळेल असं पाच ओळींत लिहा. वस्तूचं नाव मात्र कुठंही लिहायचं नाही. कागद शेजारच्या मित्राला द्या आणि त्याला ओळखायला लावा. अडकित्ता फार अवघड आहे हं, आमच्या वर्गात दोघांनाच जमला.