मामा तलावांची सफाई फोटोपुरती नाही



तलाव-नाल्यांची सफाई म्हणजे रविवारची हौस. चार पिशव्या प्लास्टिक उचलायचे नि फोटो काढायचा, अशी टीका मागील अंकातील पत्रात आहे. शहरांपुरती ती अगदीच खोटी नाही. पण त्यावरून गोंदिया जिल्ह्यातले सगळेच लोकांचे काम मोडीत काढणे घाईचे आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ, त्याचे मनीष राजनकर आणि मासेमारी करणारा ढिवर समाज यांनी मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, काम केले. तिथला खरा कचरा होता बेशरम. जांभळट फुलांच्या या झुडपाला गुरे तोंड लावत नाहीत. वरवर छाटले तर ओल्या मातीत पडलेल्या तुकड्यालाही मुळे फुटतात, म्हणून ते मुळासकट उपटावे लागते. मग उन्हाळ्यात तळ नांगरायचा आणि पावसानंतर घोटाभर पाण्यात देशी पाणवनस्पती लावायच्या. माशांना खाद्य मिळते, अंडी घालायला आडोसाही. या कामात ढिवर बायका पुढे आहेत. हौस म्हणून चिखलात कोण उतरेल?

‘हे सरकारचे काम’ हा पत्रलेखकांचा मुद्दा मात्र अर्धा खरा. मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत संपल्यावर १९५०च्या दशकात तलाव सरकारकडे गेले आणि गावकीतून होणारी देखभाल विस्कटली. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. पाळ, सांडवा, गाळ यांचा जाब तिथे जरूर विचारावा.

— एक वाचक, गोंदिया