अंथरुणाचे थर आणि पाठदुखी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने पीडित होते. अशा दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ जणांच्या दुखण्यामागे कोणताही निश्चित विकार दाखविता येत नाही. ज्या दुखण्याचे कारण हाती लागत नाही, त्यावर उपाय सुचविणारे मात्र पुष्कळ असतात. घरातील वडीलधारी माणसे फळीवर निजावयास सांगतात. दुकानदार जाड व महाग गादी पुढे करतो. आणि अलीकडे जुन्या गादीवर पसरावयाचा मऊ थर, ज्याला बाजारात ‘टॉपर’ म्हणतात, तोही हमखास गुणकारी म्हणून विकला जातो. या तिन्ही सल्ल्यांत थोडे तथ्य आहे, पण तिन्हींत उणीवही एकच आहे. अंथरूण थरांचे बनलेले असते व प्रत्येक थराचे काम निराळे असते, ही गोष्ट त्यांत लक्षात घेतली जात नाही.

मानवी कणा काठीसारखा सरळ नसतो. मानेचे ७, पाठीचे १२ व कंबरेचे ५ अशा २४ सुट्या मणक्यांची ती साखळी असून, बाजूने पाहिल्यास ती मानेत व कंबरेत पुढे, तर पाठीत मागे वळलेली दिसते. मणक्यांमधील चकत्या दिवसभर शरीराचा भार सोसतात व त्यांतील पाणी हळूहळू कमी होते. १९९९ साली जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून पाहिले, तेव्हा निजलेल्या स्थितीतील दाब उभ्या स्थितीतील दाबाच्या सुमारे एकपंचमांश भरला. रात्री दाब उतरल्यावर चकत्या पाणी पुन्हा शोषून घेतात. त्यामुळे सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे १ ते २ सेंटिमीटर अधिक भरते. शाळेतील विद्यार्थ्यांना हा प्रयोग घरच्या घरी करून पाहता येईल.

ही विश्रांती कण्याला पुरेपूर मिळावी, एवढेच अंथरुणाचे काम. फरशीवर उताणे निजले असता भार खांदे, नितंब व टाचा अशा मोजक्या जागी एकवटतो आणि कंबरेखालची पोकळी निराधार राहते. अतिशय मऊ गादीवर याच्या उलट घडते: कटिभाग शरीरात सर्वांत जड, म्हणून तो खोल रुततो व कणा झोळीसारखा वाकतो. यास्तव वरच्या थराने दाब पसरावा आणि खालच्या थराने कटिभाग तोलून धरावा, अशी कामाची वाटणी हवी.

येथे पदार्थविज्ञानातील एक साधा नियम उपयोगी पडतो. एकावर एक ठेवलेल्या दोन थरांना भार सारखाच सोसावा लागतो. त्यामुळे प्रत्येक थर जितका दबेल, त्यांची बेरीज होते. खालचा थर ४ सेंटिमीटर व वरचा ३ सेंटिमीटर दबला, तर शरीर ७ सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे वर घातलेला मऊ थर अंथरूण अधिक मऊ करतो. खालच्या थराचे ढिलेपण तो काढू शकत नाही. मधोमध खड्डा पडलेल्या गादीवर टॉपर पसरला, तर टॉपरही त्याच खड्ड्यात उतरतो. पाठदुखीने त्रासलेली कुटुंबे ज्या वस्तूवर बरेच पैसे खर्च करतात, ती अशा वेळी निरुपयोगी ठरते. अंथरूण फार कठीण असेल, तर मात्र ३ ते ५ सेंटिमीटरांचा मऊ थर खरोखर उपकारक ठरू शकतो.

फळीवर निजण्याच्या सल्ल्याची कसोटी स्पेनमध्ये घेण्यात आली. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना कठीण किंवा मध्यम कठीण गादी देऊन ९० दिवसांनी तपासण्यात आले. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांना अंथरुणातील व सकाळी उठतानाच्या वेदनांपासून अधिक आराम मिळाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील १६० रुग्णांच्या पाहणीतही कठीण गादी किंचित मागेच पडली. तथापि विविध गाद्यांमधील फरक तेथे अल्प होता. यावरून मध्यम मार्ग बहुतेकांना मानवतो असे म्हणता येते. परंतु गादीने दुखणे समूळ जाते, असे म्हणता येत नाही. चटईवर निजून ज्याची पाठ सकाळी मोकळी असते, त्याने अंथरूण बदलण्याचे काहीच कारण नाही.

भारतात हे थर अनेक द्रव्यांचे मिळतात. पिंजलेल्या कापसात हवा कोंडलेली असते. वापराने तंतू एकमेकांत दबून गठ्ठे होतात व गादी कठीण आणि उंचसखल बनते. ती उन्हात घालणे व पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेणे हा थर दुरुस्त करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. काथ्याच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून केलेला थर टणक व हवेशीर असल्याने तळाला योग्य ठरतो. कृत्रिम फोमच्या बाबतीत घनता व काठिण्य या दोन भिन्न गोष्टी आहेत: घनता अधिक असली म्हणजे फोम सामान्यतः अधिक टिकतो, पण तो कठीण असेलच असे नाही. ‘मेमरी फोम’ १९६६ साली अमेरिकेत विमानांच्या आसनांसाठी शोधण्यात आला. तो शरीराच्या उष्णतेने मऊ होतो व दाब चांगला पसरतो. पण उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे दमट किनारपट्टीवर तो अनेकांना सोसत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी परीक्षा करावी. उताण्या निजलेल्या माणसाच्या कंबरेखालून हात सहज आरपार जात असेल, तर अंथरूण कठीण आहे. कटिभाग खाली बसून कणा वाकलेला दिसत असेल, तर ते ढिले आहे. कुशीवर निजल्यावर पाठीमागून पाहिले असता कणा सरळ रेषेत दिसावा. अंथरूण कठीण ठरल्यास एक-दोन घडीच्या गोधड्या वर घालून दोन आठवडे अनुभव घ्यावा. ढिलेपण खाटेचे असेल, तर दोऱ्या ताणून घ्याव्यात किंवा गादीखाली फळी घालावी; गादीचेच असेल, तर तळाचा थर बदलावा. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण खर्चासंबंधी असली, तरी अंथरूण घेतानाही ती विसरू नये.

पाय बधिर होणे, मलमूत्रावरील ताबा जाणे, ताप येणे किंवा वजन घटणे ही लक्षणे पाठदुखीसोबत दिसल्यास गादीचा विचार बाजूला ठेवून तत्काळ वैद्याकडे जावे.

ग्राहकाने एवढी दक्षता घेतली, तरी विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द छापल्याने तिच्यात कोणते थर आहेत हे कळत नाही. प्रत्येक थराचे द्रव्य, जाडी, घनता व काठिण्य वेष्टणावर स्पष्ट लिहिलेले असावे. वसतिगृहे व रुग्णालये गाद्या मोठ्या संख्येने घेतात. त्यांनी ही माहिती मिळाल्याशिवाय खरेदी करू नये. औषधाच्या बाटलीवर घटक वाचण्याची सवय समाजाला लागली आहे. आयुष्याचा जवळजवळ एकतृतीयांश काळ ज्यावर जातो, त्या अंथरुणाबाबतही हीच सवय लागणे इष्ट आहे.