लगाम कुणाच्या हातात?

मंडळी, गेल्या आठवड्यात गावातल्या ग्रुपवर एका जोडप्याचा खाजगी व्हिडिओ फिरला. नवरा घोडा झालेला, बायकोच्या हातात लगाम. तिघांनी मला पाठवला, "बातमी करा" म्हणून. नाही केली.

परदेशात याला 'पोनी प्ले' म्हणतात. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने, बंद दाराआड घेतलेलं सोंग. नवख्यांसाठी त्याचे नियमही शहाणपणाचे. काय चालेल, काय नाही, ते आधी बोलून ठरवायचं. थांबण्याचा एक शब्द ठरवायचा. तोंडात लगाम असेल तर हातात घंटी धरायची. ती खाली टाकली की खेळ तिथेच बंद. गुडघ्यांखाली गादी, पाठीवर पूर्ण भार नाही. आपल्याकडे किती घरांत बायकोला एवढं विचारतात हो?

गुन्हा केला तो व्हिडिओ फिरवणाऱ्यांनी. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ वाचा. बाईने अशा क्षणांच्या चित्रीकरणाला होकार दिला असेल, पण ते इतरांना दाखवायला नाही, तर पुढे पाठवणं गुन्हाच. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय.

त्या दोघांना याच गावात राहायचंय. तुमच्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ असेल तर आत्ता डिलीट करा.